वाट्याला आलेली आफ्रिका

नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी करायची असली की आई आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. खिडकीसमोर शेजारच्या काकूंची बाल्कनी होती, आणि तव्यावरची काळपट भाकरी त्यांना दिसू नये असं आईला वाटायचं. नागलीला बाजरीसारखा भरून राहणारा वास नसतो. ओल्या मातीचा, जरा जळल्यासारखा असा तो वास खिडकी बंद केल्यामुळे घरातच साचायचा आणि संध्याकाळपर्यंत माझ्या युनिफॉर्मला यायचा. आम्ही गंगापूर रोडच्या त्या कॉलनीत राहायला आलो ते माझ्या इंग्रजी शाळेसाठी. त्याआधी सातपूरला पप्पांच्या कंपनीजवळ दोन खोल्या होत्या, तिथं भोंगा झाला की अख्खी चाळ चहा ठेवायची, आणि कुणाच्या तव्यावर काय आहे याचं कुणाला काही नसायचं. इथं भोंगा ऐकू येत नव्हता. पप्पा पहिल्या पाळीला अंधारातच मोटरसायकल ढकलत फाटकापर्यंत न्यायचे आणि रस्त्यावर जाऊन किक मारायचे, लोकांची झोप मोडू नये म्हणून. त्या कॉलनीत आम्ही सगळेच थोडे ढकलत चालल्यासारखे राहत होतो.

पप्पा बोलताना अडखळत नसत, पण वाक्याच्या शेवटी क्षणभर थांबत. तोंडात आलेलं ‘हाय’ गिळून ‘आहे’ म्हणायला तेवढा वेळ लागायचा. हरसूलच्या पुढं डोंगरात आमचं गाव. तिथं गेल्यावर थांबणं संपायचं, बोलणं धावायला लागायचं, हसणंही मोठं व्हायचं. मी मात्र दोन्हीकडे गप्प. शाळेत इंग्रजी यायचं पण बोलायला धजत नव्हते, आणि गावाकडे माझी पुस्तकी मराठी ऐकून चुलत बहिणी तोंडाला पदर लावायच्या. माझ्या मुलीला आज हे सांगितलं तर ती म्हणते, मग तू बोलायचीस तरी कुठे. खरं सांगायचं तर फारसं कुठेच नाही. मी बघत असे.

त्या वर्षी शाळेचं गॅदरिंग लांबलं आणि फेब्रुवारीत आलं. विषय होता जगातले खंड. प्रत्येक वर्गाला एक खंड, आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी. युरोप नववीला गेला, त्यांना लांब झगे मिळणार होते. आशिया सहावीला, त्यांनी लगेच पंखे आणि छत्र्या करायला घेतल्या. आमच्या आठवीच्या वाट्याला आफ्रिका आली तेव्हा वर्गातून ‘हुर्र हुर्र’ असा आवाज निघाला आणि मागच्या बाकावरच्या कुणीतरी तोंडावर हात आपटून दाखवला. आमच्या शीला मिस हौशी होत्या, मनानं चांगल्याही होत्या. त्यांनी नाचासाठी मुली निवडायला सुरुवात केली. मी नेहमीप्रमाणे खाली बघत होते. त्या माझ्यापाशी थांबल्या, माझी हनुवटी बोटानं वर केली आणि म्हणाल्या, “तू पहिल्या रांगेत. तुला मेकअप कमीच लागेल, बेटा.” वर्ग हसला. त्याही हसल्या, काही वाईट बोललो असं त्यांच्या मनात आलं नसावं. माझी शेजारीण रिद्धी, गोरीपान, हळूच म्हणाली, “लकी आहेस. मला डबाभर फासणार आहेत.” ती चिडवत नव्हती.

शाळेच्या ग्रंथालयात आफ्रिकेवर एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं. आठवडाभर मधल्या सुट्टीत मी ते वाचत बसले. वाचत म्हणजे आधी फोटो बघत. उंच इमारतींची शहरं होती, मातीची केवढीतरी मशीद होती, तिच्या भिंतीतून लाकडाचे वासे बाहेर आलेले. वाळवंटातली मीठ वाहणारी उंटांची रांग होती, निळे अंगरखे घातलेली माणसं, बोटींनी गच्च भरलेलं बंदर. गवताचे घागरे घालून उड्या मारणारं कुणी त्या पुस्तकात मला सापडेना. एका पानावर एक बाई सुपात धान्य पाखडत होती. तिच्या पायाशी कणसं पडली होती, हाताची बोटं आत वळवावीत तशी. मी ती ओळखली. काकाच्या खळ्यावर त्याच कणसांच्या ढिगात मी लोळलेली होते. खाली लिहिलं होतं, हे धान्य मूळचं पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं, फार जुन्या काळी समुद्र ओलांडून ते भारतात गेलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, “आपली नागली आफ्रिकेतून आलीये.”

“ही तुझ्या मावशीनं पाठवलीये,” आई म्हणाली. “गोणीवर तिचीच गाठ होती.”

“तसं नाही. फार पूर्वी.”

आईनं भाकरी उलटली. “पूर्वी आली असेल, तर एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला खिडकी लावून का भाजते मी?” असं म्हणाली आणि स्वतःच हसली. खिडकी उघडली मात्र नाही.

त्याच पुस्तकात पुढं मुखवट्यांचं प्रकरण होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या काही लोकांचे मुखवटे, लाकडाचे, मोठ्या दातांचे. मजकुरात एक ओळ अशी होती की तिथे काही गावांत हे मुखवटे एरवी झाकून ठेवतात, आणि कुणी कोणता घालायचा हे घराण्यावरून ठरतं. ती ओळ मी दोनदा वाचली, कारण हे मला माहीत होतं. आमच्या गावात होळीनंतर बोहाडा होतो. लाकडी मुखवटे घातलेली सोंगं, देवांची आणि राक्षसांची, संबळाच्या तालावर एकामागून एक गावाच्या वाटेनं नाचत येतात. कोणतं सोंग कुठल्या घराचं हे पूर्वीपासून ठरलेलं. आमच्या घराकडं त्राटिका होती. पप्पांचे थोरले भाऊ तुळशीकाका उपास धरून ती नाचवायचे आणि धाकटा म्हणून पप्पा तिच्यापुढं टेंभा धरून चालायचे. सोंग वर्षातून एकदाच निघायचं. निघून झालं की लाल फडक्यात बांधून आढ्याला, मग पुढच्या होळीपर्यंत त्याचं तोंड कुणी बघायचं नाही. शेतात पप्पांचा वाटा नावापुरता राहिला होता, घरातली त्यांची खोली काकानं कधीच भाताच्या कणग्यांना दिली होती. गावात त्यांचं असं एवढंच उरलं होतं, टेंभा. त्यासाठी ते दिवाळीची रजासुद्धा न घेता साठवून ठेवत.

त्या वर्षी त्राटिका आमच्या नाशिकच्या घरी होती. गावात मुखवटे रंगवणारा म्हातारा वारला होता, म्हणून काकानं ती पप्पांबरोबर नाशिकला पाठवली. सातपूरच्या एका पेंटरनं ती इतकी सुरेख रंगवली की पप्पा आणायला गेले तेव्हा तिथेच उभे राहून बघत बसले. काळाभोर चेहरा, लाल जीभ, पांढरेशुभ्र सुळे. घरी आणून फडक्यात बांधून त्यांनी ती कपाटावर ठेवली, होळीपर्यंत.

मग पालकसभा झाली. पप्पा पाळी संपवून थेट आलेले, कंपनीच्या निळ्या शर्टात, शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी गुडघे दुमडून बसलेले. आजवरच्या एकाही सभेत ते बोलले नव्हते. शीला मिस म्हणाल्या, आफ्रिकेसाठी मास्क हवेत, कुणाकडे आहेत का, प्लास्टिकचे नकोत, खरे वाटायला हवेत. पप्पा उभे राहिले.

“माझ्याकडं हाय,” ते म्हणाले. मग थांबून, “आहे, मॅडम. लाकडाचा.”

“अरे वा. आफ्रिकन आहे?”

पप्पांनी जरा विचार केला. “नाही. घरचा आहे.”

सगळे वळून त्यांच्याकडे बघत होते. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं, आणि तरीही त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं. इतक्या वर्षांत त्या वर्गात कुणाकडेच नसलेली आणि त्यांच्याकडे असलेली अशी ती पहिली वस्तू होती. पुढं जे झालं त्यावरून आईनं त्यांना पुष्कळ बोल लावले. मला मात्र त्यांचा तो उभा राहिलेला निळा शर्ट आठवला की रागावता येत नाही.

घरी आई म्हणाली, “थोरल्या भावजींना विचारलं का?”

“नुसता पडद्यावर टांगणारेत. काय नाचवणारेत का?”

“झाकून ठेवायचं असतं ते, अहो.”

“शाळा आहे ती. तिथं सरस्वतीचा फोटो असतो भिंतीवर. त्राटिकेला काय होतंय?”

“सरस्वती काय वर्षभर फडक्यात नसते,” आई म्हणाली. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

गॅदरिंगच्या दुपारी आमच्या तोंडाला तपकिरी-काळा रंग लावला. मलाही. कमी लागेल म्हणाल्या होत्या, पण एका रांगेत सगळ्या सारख्या दिसायला हव्यात म्हणून त्यांनी माझ्यावरही तेवढाच थापला. आफ्रिकेला माझाही रंग पुरला नाही. चित्रकलेच्या सरांनी त्राटिकेच्या कानांमागं कोंबड्याची पिसं चिकटवून तिला पडद्यावर मधोमध टांगलं होतं. रिद्धीला जादूगारीण व्हायचं होतं, पुठ्ठ्याचा मुखवटा घालून. ऐन वेळी त्याचं इलॅस्टिक तुटलं आणि पुठ्ठाही फाटला. रिद्धी रडायला लागली. शीला मिसनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तू कर. तुझ्याच घरचा आहे ना तो? स्टेप्स कशाही चालतील, फक्त उड्या मार.” मी मान हलवली, ती नाही म्हणून हलवली होती. त्यांनी सरांना खूण केली, सरांनी मुखवटा माझ्या तोंडावर चढवला आणि क्षणात सगळं अंधारलं.

आत धूर होता. म्हणजे धुराचा वास, आढ्याखालच्या चुलीचा, आणि काकाच्या कपाळाच्या तेलाचा, घामाचा. माझाच श्वास माझ्या कानात मोठ्यानं वाजत होता. डोळ्यांच्या भोकांतून दिव्यांचा नुसता पांढरा ठिपका दिसत होता. टेपवर कसलातरी ढोल सुरू झाला, आणि मला उड्या मारायचं सुचलंच नाही. लहानपणापासून पाहिलेलं तेवढंच पायांना येत होतं. उजवा पाय आपटायचा, डावा ओढत आणायचा, मान खाली घालून एकदम वर फेकायची, की पुढच्या रांगेतली पोरं किंचाळतात. शाळेतली पोरंही तशीच किंचाळली. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर उभी होते आणि घाबरले नव्हते, कारण त्यांना मी दिसत नव्हते. मान वर फेकताना भोकांतून एकदा पप्पा दिसले. आजूबाजूचे सगळे हात हलत होते. त्यांचे मांडीवर होते.

परत येताना ते घराच्या वळणावर वळलेच नाहीत. धरणाच्या रस्त्यानं पुष्कळ लांब गेलो. एका गुऱ्हाळापाशी मोटरसायकल थांबवून त्यांनी मला रस घेऊन दिला, स्वतः घेतला नाही. त्राटिका फडक्यात, माझ्या मांडीवर.

“पाय कुठं शिकलीस?” त्यांनी विचारलं.

“काकांचं बघून.”

त्यांनी मान हलवली. ग्लास परत दिला. एवढंच. घरी आईनं पिसं काढली, डिंकाचे डाग गोडेतेलानं पुसले, बाहेरून मुखवटा नवा होता तसा नवा दिसायला लागला. आतून बघायचं तिच्या मनात आलं नाही, कुणाच्याच आलं नाही.

होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीनं गावी गेलो. हरसूलचा बाजार उठत होता, काका तिथेच भेटले, मिठाची पिशवी आणि वाळलेला बोंबील घेतलेले. तुळशीकाका उंच, दमदार, थट्टेखोर माणूस, आणि ती थट्टा बहुतेक पप्पांवरच असायची. “कंपनीत काम करून करून हा बी मशीनवानी झालाय,” ते मला म्हणाले. “बटन दाबलं की ‘आहे, आहे’ बोलतो.” पप्पा हसले. घरी काकूनं नागलीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाढली, दार सताड उघडं ठेवून. ती खुरासणीही मूळची आफ्रिकेतलीच, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा नुसती खाल्ली.

जेवणानंतर काकानं अंगणात घोंगडं टाकलं आणि फडकं सोडलं. रंग पाहून खूश झाले. “लय झ्याक. म्हाताऱ्याला बी असा जमला नसता.” मग सवयीनं त्यांनी मुखवटा उलटा केला, कपाळ टेकायची जागा बघायला. आत, गालांपाशी आणि हनुवटीपाशी, तपकिरी रंग पुसटसा लागलेला होता. त्यांनी तिथं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. कोल्डक्रीमचा वास मला माझ्या जागेवरून आल्यासारखा वाटला.

“हे आतून कोणी रंगवलं?”

पप्पा म्हणाले, “पेंटरचा हात लागला असंल.”

“पेंटर तोंडाला पावडर लावतो का?”

काकूचं भांडी घासणं थांबलं. सगळ्या अंगणाला कळलं होतं की काहीतरी झालंय. “कोणी घातलं?” काकानं विचारलं, आवाज न चढवता. पप्पांनी तोंड उघडलं आणि मला दिसलं की ते पुन्हा पेंटरच म्हणणार आहेत. घराबाहेरच्या माणसानं घातलं असं ठरलं असतं तर सोंग पंचांपुढं गेलं असतं, कदाचित दुसऱ्या घरी. पप्पांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण त्या क्षणी त्यांना फक्त मला वाचवायचं होतं.

“मी घातलं, काका,” मी म्हणाले. “शाळेत. आफ्रिकेचा नाच होता.”

त्या घरात मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. काका माझ्याकडं वळले.

“नुसतं घातलं का नाचलीस?”

“नाचले.”

“लोकं होती?”

“हॉल भरला होता.”

“मग झालं,” ते म्हणाले. मुखवटा घोंगड्यावर ठेवून त्यांनी फडकं वर ओढलं आणि गाठ मारायला घेतली. “त्राटिका निघाली यंदाची. एका सालात दोनदा निघत नाय ती.”

पप्पा म्हणाले, “दादा, पोरीचा खेळ होता तो.”

“तुझ्या पोरीनं नाचवली, घरच्याच पोरीनं. मी कुठं काय बोललो? पंचायतीत बी मी हेच सांगंल. निघाली, पण आफ्रिकेत निघाली.” ते हसले, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. महिनाभर त्यांनी दारूला हात लावला नव्हता, या सोंगासाठीच. मग मला म्हणाले, “तिकडं बी सोंगं असत्यात का गं?”

मी पुस्तकातलं सांगितलं. लाकडाचे मुखवटे, ठरलेली घराणी, वर्षभर झाकून ठेवणं. माझी मराठी तशीच पुस्तकी होती, पण कुणी हसलं नाही.

“मग त्यांना तरी कळलं असतं,” काका म्हणाले, आणि त्राटिका घेऊन आत गेले.

इतकी वर्षं मी त्या वाक्याशी बोलत आले आहे. नकाशात तो खंड कुठंही दिसला, बातमीत, मुलीच्या पुस्तकात, की मला वाटतं तिथं कुणीतरी अंगणात बसून एक फडकं सोडतंय, मुखवटा उलटा करून बघतंय. आता गंगापूर रोडवर नागलीची बिस्किटं मिळतात, चकचकीत पाकिटात. आई ती आणते, आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आता उघडी असते. मी ती खात नाही. कारण सांगता येत नाही.

त्या वर्षी बोहाड्याच्या शेवटच्या पहाटे आमच्या सोंगाची पाळी आली तेव्हा पूर्वेकडं उजाडायला लागलं होतं. मला वाटलं होतं आमची जागा गाळून पुढचं सोंग येईल. पण संबळवाल्यांनी त्राटिकेचाच ठेका धरला. काका बाजूला उभे होते, रोजच्या सदऱ्यात, हाताची घडी घालून. त्यांनी पेटलेला टेंभा पप्पांच्या हातात दिला. “चल,” म्हणाले. “तुझं काम तर हाय ना.”

ती माफी होती की शिक्षा, हे मी काकांना ते गेले तोवर विचारू शकले नाही, आणि पप्पांना विचारावंसं वाटलं नाही. पप्पा टेंभा धरून निघाले. नेहमीच्याच चालीनं, दर काही पावलांवर थांबून, मागं वळून, टेंभा खाली धरून, सोंगाच्या तोंडावर उजेड पडावा तसे. मागं कुणी नव्हतं. उजेड रिकाम्या वाटेवर पडत होता, धुळीवर, दोन्ही बाजूंच्या माणसांच्या पायांवर. एका पोरानं मोठ्यानं विचारलं, सोंग कुठंय, आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. पप्पा माझ्यासमोर आले, ठेक्यावर थांबले, वळले. टेंभा खाली झाला. त्या रिकाम्या जागेत माझे पाय कुठं पडले असते ते मला नेमकं दिसत होतं, उजवा आपटायचा, डावा ओढत आणायचा. मी ते पदरांच्या आड, जागच्या जागी, कुणाला दिसणार नाही इतकं हळू हलवले. पप्पांनी पाहिलं. मग ते पुढं निघाले.